निळी वायर आणि मिश्रीची डबी

तीस वर्षं झाली मी वायरमनकी करतोय. बदनापूरच्या आसपासच्या बारा गावांत माझ्या हातचे बोर्ड आहेत आणि आजवर मला कुणी दारातून परत लावलेलं नाही. लग्नघरात गेलो, बाळंतिणीच्या खोलीत गेलो, एकदा तर ट्यूब बसवायला देवळाच्या गाभाऱ्यात गेलो. पण यंदा पौषात शालूनं मला तिच्या शेडच्या दारात अडवलं. नुसतं अडवलं नाही, माझ्या बोटांजवळ नाक आणून हुंगलं.

"काका, तुमी इथंच थांबा," ती म्हणाली. "तुमाला आत येता यायचं न्हाई."

"आगं, मंग बिघाड काय फोनवर काढू का?"

"तुमी तंबाखू खाता."

आता हे काय लपलेलं आहे? माझी चंची माझ्याआधी घरात शिरते असं माझी बायको म्हणते. पण तंबाखू खातो म्हणून काम करू न देणारं घर मी पहिल्यांदाच पाहत होतो. मला असा राग आला की पिशवी उचलून गाडीला किक मारावी.

तेवढ्यात तिचा चेहरा पाहिला. डोळे तांबारलेले, ओढणी डोक्याला गच्च बांधलेली, हाताला चुना. दोन रात्री धड झोप नव्हती पोरीला. मी पिशवी खाली ठेवली.

शालू म्हणजे साळूमावशीची सून. नवरा रामप्रसाद जालन्याला बियाण्यांच्या कंपनीत, सकाळी जातो तो रात्रीच येतो. गावात बाकीचे लोक तुती लावून रेशमाचे कोष काढतात. शालूनं एक पायरी अलीकडचा धंदा धरला. अंडीपुंज आणायचे, अंडी उबवून अळ्या काढायच्या, त्यांना कोवळा पाला बारीक चिरून घालायचा, दोन वेळा कात टाकेपर्यंत सांभाळायचं आणि मग शेतकऱ्यांना वाटून द्यायच्या. ह्याला चॉकी म्हणतात. तान्ही लेकरं सांभाळायचं काम. ऊन नको, थंडी नको, धूर नको, आणि तंबाखू तर बिलकुल नको. तंबाखू खाल्लेल्या हाताचा पाला त्या अळीनं खाल्ला तर ती हिरवं पाणी ओकते आणि मरते. हे मलाही माहीत होतं, पण इतकं कडक असेल असं वाटलं नव्हतं.

"मी आंघोळ करून येतो," मी म्हणालो.

"नखात राहतो वास."

"बरं, माझा टेस्टर घे, पेचकस घे, तू कर. मी सांगतो."

तिनं माझ्या पिशवीकडं बघितलं. "काका, पिशवीत चंची कुठल्या खणात ठेवता?"

हत्यारांच्याच खणात ठेवतो. ह्या वयात माणूस खोटं तरी किती बोलणार? शालू घरात गेली आणि शिलाई मशीनचा पेचकस, भाजीची सुरी आणि मोबाइलचा टॉर्च घेऊन आली. तीस वर्षांच्या कारागिराची सगळी हत्यारं एका फटक्यात बाद झाली.

शेडच्या ओसरीत साळूमावशी बसलेली होती. पासष्टीची बाई, कमरेला कायमची ती मिश्रीची, भाजलेल्या तंबाखूची, पितळी डबी. दसऱ्याच्या सुमाराला शालूनं पहिली छोटी बॅच काढली होती तेव्हा मावशी पाहुण्यांना कौतुकानं अळ्या दाखवायला आत घेऊन गेली, आणि नुकतीच मिश्री लावलेल्या बोटांनी एका ट्रेमधली पानं सारखी केली. संध्याकाळपर्यंत तो ट्रे संपला. शालू तिला चार माणसांत म्हणाली, "आत्या, आजपासून तुमी शेडात पाय ठेवायचा न्हाई." स्वतःच्या शेतात, स्वतःच्या जागेवर उभ्या असलेल्या शेडाचा उंबरा बाईला बंद झाला. तेव्हापासून सासूसुना कामापुरतं बोलतात, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

"ये बाबा," मावशी मला म्हणाली. "माझ्यासोबत बस. वाळीत टाकलेल्याची जागा इथंच हे."

मी बसलो. सवयीनं चंची काढली आणि तिच्यापुढं धरली. मी आलो की एरवी ती चिमूटभर तंबाखू मागून घ्यायची, मिश्री भाजायला. आज तिनं मान हलवली. "नको," म्हणाली. मला वाटलं, सुनेसमोर नको असेल.

आता बिघाड सांगतो. शालूचा भाऊ कल्याण परदेशात असतो. तिथल्या घरोघरी भिंतीवर एक गोल यंत्र असतं, ते घराची ऊब आपोआप सांभाळतं. थर्मोस्टॅट म्हणतात. तेच त्यानं बहिणीला पाठवलं. सत्तावीस डिग्री लावून ठेवा, खाली गेलं की ते हीटर चालू करतं, बराबर झालं की बंद करतं, आणि फोनवर सगळं दिसतं. दिवाळीनंतर, शेड रिकामं असताना, मीच ते बसवलं होतं. बाहेर ओसरीत ट्रान्सफॉर्मरची पेटी, तिथून भिंतीतल्या पाइपातून आत तीन बारीक वायरी: लाल, पांढरी आणि निळी. महिनाभर यंत्र छान चाललं. मग थंडी वाढली, आणि त्याची बॅटरी उतरायला लागली.

"पयले चार दिवसाला उतरायची," शालू दारातून सांगत होती. "मी भिंतीवरून काढून मोबाइलच्या चार्जरला लावायची. मंग दोन दिवसाला. आता दिसातून दोनदा लावून राह्यले. चार्जिंगला काढलं की हीटर बंद. परवा सकाळी उठून पाहते तं यंत्र काळंठिक्कर, आन् शेड एकोणीसवर."

"हीटर थेट लाइटवर जोडून देऊ का?" मी विचारलं.

"तेबी केलं. दोन रात्री थर्मामीटर हातात घेऊन बसले, बटन चालू-बंद करत. एकदा डोळा लागला आन् पारा तेहतीसवर गेला. काका, आज त्या दुसऱ्या झोपेला बसल्यात. कात टाकायला. आज गार झालं तं निम्म्या उठतील, निम्म्या निजलेल्या राहतील. अशा मागंपुढं झालेल्या अळ्या कोन नेईल? परवा चौदा शेतकरी येऊन राह्यलेत. पार परतूरकडून येणारे आहेत. पयल्याच मोठ्या बॅचला असं झालं तं पुन्हा माझ्या दारात कोन येईल?"

तेव्हा दुपारचे चार वाजले होते. पौषातला दिवस, सहाला अंधारणार, आणि अंधारलं की आमच्याकडं थंडी भुईतून वर येते. शालूची मदतनीस वंदना मंठ्याला बहिणीच्या लग्नाला गेलेली. म्हणजे काम करणारी एकटी शालू, आणि बाहेर दोन बाटलेली माणसं.

मी पेटी उघडली. ट्रान्सफॉर्मर चोवीस व्होल्ट बरोबर देत होता. तीनही वायरी माझ्या बाजूनं घट्ट होत्या. मनाला बरं वाटलं, कारण इथं येताना सारखं वाटत होतं की खोट माझ्याच कामात निघणार.

मग एक गोष्ट ध्यानात आली. "शालू, बॅटरी थंडी वाढली तसतशी जास्त उतरत गेली ना?"

"हो. थंडीनं बॅटरी बसते ना?"

"थंडीनं न्हाई. तुझ्या शेडात कुठं हे थंडी? थंडी वाढली म्हणून हीटर जास्त येळ चालू राहिला. हीटर चालू असला की ह्या यंत्राला खायला भेटत न्हाई."

मी तिला समजावून सांगितलं. लाल वायर वीज आणते, पांढरी हीटरला हुकूम देते आणि निळी म्हणजे विजेची परतीची वाट. निळी शाबूत असेल तर यंत्र दिवसभर पोटभर जेवतं. निळी तुटली तर हीटर बंद असतो तेवढ्या वेळात पांढरीवरून चोरून दोन घास खातं, तेवढ्यावर बॅटरी भरतं. दिवाळीनंतर हीटर दिवसातून तासभर चालायचा, म्हणून चोरीवर भागलं. आता हीटर रात्रभर चालतो, मग चोरायचं कधी?

"म्हणजे निळी तुटली?"

"मी लाइट बंद करतो. तू यंत्र काढ आन् ते ज्याच्यावर बसतं ती भिंतीवरची पाटी पाह्य. निळी कुठं हे?"

मी मेन खाली पाडला. आतून शालूचा आवाज आला. "काका, सगळ्यात खालच्या खाचीत हे. पन ती निळी कुठं राह्यली? पार हिरवी झाली. हात लावला तं मोडून पडली."

तांबं हिरवं झालं म्हटल्यावर मला सगळं कळलं. "मी यंत्र बसवून गेल्यावर शेड धुतलं तवा पाटीवर ब्लिचिंग मारलं का?"

मग बारीक आवाजात, "यंत्र काढल्तं मी. पाटी भिंतीलाच व्हती. तिच्यावर तं जास्तच मारलं. फटीत रोग राहतो म्हनून."

मला हसू आलं आणि मी ते आवरलं नाही. वर्षानुवर्षं मी लोकांना ओरडतो, बोर्ड पुसा, जाळी काढा, स्वच्छता ठेवा. कुणी ऐकत नाही. आणि ही पोरगी भेटली, जिनं स्वच्छतेपायी वायर खाऊन टाकली. ब्लिचिंगचं पाणी भिंतीवरून ओघळलं, सगळ्यात खालच्या खाचीत साचलं आणि तिथली निळी कुजली.

"हसून काय राह्यला? पारा पंचवीसवर आला," शालू आतून म्हणाली. मी परत पेटीकडं वळलो.

निळी पाइपाच्या तोंडापर्यंत कुजली होती, जोड द्यायला जागाच नव्हती. आता एकच उपाय होता. नवीन वायर बाहेरून जुन्या वायरीला बांधायची आणि आतून तिनं ओढून घ्यायची. माझ्याकडं वायरीचं नवंकोरं बंडल होतं, पण ते माझ्याच पिशवीत. साळूमावशी उठली, बंडल घेतलं, मोरीवर गेली आणि साबण लावून वायर धुतली, लेकराचे लंगोट धुतात तशी. उन्हात धरून पुसून कोरडी केली. मला शालूनं डॉक्टरसारखे रबरी हातमोजे दिले. ते घालून मी माझीच वायर हाताळली. काय दिवस आला!

पाटीही बाहेर काढून घेतली. तिच्या पितळी खाचींवर हिरवा थर होता. माझा पॉलिश पेपर अर्थातच बाद. मावशीनं अर्धं लिंबू आणलं, दोन मिनिटं चोळलं, पाण्यातून काढलं, कोरड्या फडक्यानं पुसून ओसरीतल्या कलत्या उन्हात ठेवलं. तांब्या घासावा तशी पाटी लख्ख झाली. मी मान्य केलं की माझ्या पेपरनं एवढी झाली नसती.

"चोवीस," आतून आवाज आला.

मी जुन्या वायरींना नव्या बांधल्या. "हं, ओढ हळूहळू."

वायर दोन हात सरकली आणि अडकली. पाइपाच्या तोंडाशी गिलावा ढासळून बसला होता. "सुरीनं टोकरून काढ," मी म्हणालो.

"टोकरलं तं माती खाली पडंल. खाली ट्रे हेत. झोपेतल्या अळ्या हलवता येत न्हाईत." सुरी खाली ठेवल्याचा आवाज आला. "कुनीतरी चादर धरायला पायजे. आन् टॉर्च. मला दोनच हात हेत, काका."

मी दारापाशी उभा होतो, हातात मोजे घातलेले, आणि आत एक पाऊल टाकता येत नव्हतं. माझ्या आयुष्यात इतका निरुपयोगी मी कधी झालो नव्हतो. खिशातल्या चंचीचा पहिल्यांदा राग आला.

"तेवीस," शालू म्हणाली. ह्या वेळी ती रडत होती.

"म्या येते," साळूमावशी म्हणाली.

शालू दारात आली. सासूकडं पाहिलं. "आत्या, तुमाला कसं..." एवढंच म्हणाली आणि थांबली.

मावशीनं कमरेची डबी काढली, झाकण उघडलं आणि सुनेपुढं धरली. डबी रिकामी होती. आतून घासून अशी स्वच्छ केली होती की तिच्यात तोंड दिसावं.

"आज एकवीस दिस झाले," मावशी म्हणाली. "कडूलिंबाच्या काडीनं दात घासते."

"मंग डबी काहून बाळगता?"

"चाळीस वर्षं कमरंला हे. काढली की काही हरवल्यावानी व्हतं."

"मला सांगितलं काहून न्हाई?"

"सांगून सोडली आन् परत लावली तं? काय तोंड दाखवलं असतं तुला?" मावशीनं पदरानं डोळे पुसले. "तू त्या दिशी बोलली त्येचं मला लागलं न्हाई, पोरी. लागलं, खोटं काहून बोलू. पन त्या अळ्या हिरवं पानी ओकून मेल्या माझ्या हातानं, ते डोळ्यापुढून जाईना. बोटावर मिश्री घेतली की त्याच दिसायच्या."

शालूनं सासूचे दोन्ही हात हातात घेतले आणि नाकाशी नेले. नियम म्हणजे नियम. एक हात हुंगला, दुसरा हुंगला, नखं पाहिली. मग ते हात तसेच आपल्या गालाला लावले. मी दुसरीकडं बघायला लागलो. बघण्यासारखं तिथं काही नव्हतं, एक बकरी होती.

"या, आत्या," शालू म्हणाली.

मावशीनं पाटी उचलली, चपला काढल्या, रोग अडवायला दारात पसरलेल्या चुन्यात दोन्ही पाय ठेवले आणि दसऱ्यानंतर पहिल्यांदा आत गेली.

पुढचं काम मी भिंतीच्या अलीकडून नुसतं ऐकलं. सुरीचा खरखर आवाज, चादरीवर पडणारी माती, मावशीचं "इकडं धरू का, उजेड पुरतोय का". मग शालू ओरडली, "ओढा म्हना!" मी म्हणालो, "आगं, ओढायचं तुला हे!" आणि आत दोघी हसल्या. वायर सरसर सरकली.

"पाटी बसव. लाल लालच्या खाचीत. पांढरी पांढरीच्या. निळीचं तांबं बोटाच्या पेराएवढं मोकळं कर, खाचीत घाल, पेच आवळ. आवळला? आता ओढून पाह्य."

"न्हाई निघत."

"यंत्र लाव."

मी मेन वर केला. माझ्या पेटीतला छोटा लाल दिवा लागला. आतलं मला काही दिसत नव्हतं. मनात देवाचं नाव घेतलं; तीस वर्षांत वायर जोडून देवाचं नाव घ्यायची वेळ क्वचित आली.

"काका! बॅटरीचं चित्र आलं! त्याच्यावर वीज दिसून राह्यली!"

"चार्ज व्हतंय. हीटर?"

"लागला!"

मी ओसरीत बसलो. वेळ बघितली तर सहाला पाच मिनिटं कमी. पारा तेवीसवर थांबला होता. हळूहळू चोवीस झाला. हीटर चालू असतानाही बॅटरीचा आकडा वाढत होता, हे शालूनं मला फोनवर दारातूनच दाखवलं. निळी पोटभर जेवू घालत होती.

"चहा टाकते," शालू म्हणाली आणि घराकडं पळाली. किती दिवसांनी ती शेड सोडून निर्धास्त गेली असेल. मावशी आतच होती. मी मोठ्यानं हाक मारली, "मावशी, या बाहेर, चहा व्हऊन राह्यला! झालं काम!"

आतून उत्तर आलं, अगदी बारीक आवाजात. "राधाकिसन, वरडू नको. लेकरं निजलेत."

तिसऱ्या दिवशी सकाळी माझं त्या गावात काम नव्हतं. तरी मी गेलो. शेडपुढं चौदा शेतकरी जमले होते, कुणी मोटारसायकलवर, कुणी छोटा हत्ती घेऊन. अळ्या सगळ्या एकदम उठल्या होत्या, एकसारख्या, एकही मागं राहिली नव्हती. शालू आतून ट्रे काढून देत होती. चेहरा असा फुललेला की मी तिला लग्नात पाहिली तेव्हाही इतकी खूश नव्हती. अळ्या पाहून परतूरकडचा एक जण म्हणाला, पुढच्या बॅचला माझं नाव आधी लिहा.

आणि दारात साळूमावशी उभी होती. प्रत्येकाला थांबवत होती, हात पुढं करायला लावत होती आणि हुंगत होती. मोठमोठे मिशीवाले गडी शाळेतल्या पोरांसारखे नखं दाखवत होते. दोघांना तिनं साबण देऊन मोरीकडं पाठवलं. डबी कमरेलाच होती.

माझा नंबर आला. त्या सकाळी मी उठल्यापासून तंबाखू खाल्ली नव्हती. चार तास. मला वाटलं होतं तेवढं पुरेल. मी ऐटीत हात पुढं केले.

मावशीनं हुंगलं. माझ्याकडं बघितलं. "तुला अजून येळ हे, बाबा," ती म्हणाली. "पन आज जरा कमी हे. तिकडं लिंबाखाली उभा राह्य, चहा पाठवते."

राग यायला हवा होता, पण आला नाही. उलट फार बरं वाटलं. मी लिंबाखाली जाऊन उभा राहिलो, आणि चहा येईपर्यंत खिशात हात घातला नाही.